मनसरच्या डोंगरातला नाला, त्यातले काळे गोटे आणि जुनी खदान

पेंचकाठ

गेल्या रविवारी आम्ही चौघं मनसरच्या पलीकडच्या डोंगरात हिंडून आलो. नागपूरहून जबलपूर रस्त्याने ४५ किलोमीटरच्या आसपास. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिलं की पुढच्या रविवारी तिथे पंचवीस गाड्या उभ्या राहतात, हे दुसऱ्या एका धबधब्याबाबत डोळ्यांनी पाहिलंय.

तिथे डोंगरातून एक नाला उतरतो. वरच्या अंगाला साग-बांबूचं रान आहे, पाणी नितळ आहे आणि तळाशी पांढरट, अभ्रकाने चमकणारे गोटे आहेत. अर्धा तास खाली उतरलो आणि एका वळणानंतर सगळंच बदललं. गोटे एकदम काळे. शेवाळाचा काळेपणा वेगळा असतो, हा काजळी चोळल्यासारखा होता. एक उचलला तर हात काळा झाला आणि आकाराच्या मानाने गोटा फार जड लागला. तिथून नाला दोनशेएक पावलं अगदी सरळ जातो, दोरी धरून आखावा तसा. एका काठाला चुन्यात बसवलेल्या दगडांची पडकी भिंत आहे. भिंतीमागे सपाट डोक्याची टेकडी आहे, तिच्यावर कुसळी गवताशिवाय जवळजवळ काही नाही. आणि टेकडीपलीकडे हिरव्या-निळ्या पाण्याने भरलेला खोल खड्डा.

बकऱ्या चारणाऱ्या एका काकांना विचारलं. ते म्हणाले, "साहेबाच्या वक्ताची खदान होय ते." एवढंच.

मी लहानपणापासून रामटेक, खिंडसी, अंबाळा हा सगळा भाग पाहत आले. आमच्या घरी मनसर म्हणजे हिडिंबा टेकडी आणि वाकाटक. वाकाटक राजा प्रवरसेन दुसरा याच्या काळातले अवशेष तिथे १९९८ पासूनच्या उत्खननात निघाले, ते आम्ही पाहुण्यांना आवर्जून दाखवतो. पण सोळाशे वर्षांपूर्वीचं सांगता येणारी मी, शंभर वर्षांपूर्वी त्याच डोंगरात काय चाललं होतं त्याबद्दल एक वाक्य सांगू शकले नाही. ते मनाला लागलं. कुणाला माहीत असेल तर सविस्तर लिहा.

---

गोंडाईट

ताई, धागा काढलात, फार बरं केलंत. मी पस्तीस वर्षं भूगर्भशास्त्र शिकवलं आणि दर वर्षी मुलांना याच डोंगरांत नेलं. तुमचा नाला कोणता ते माझ्या लक्षात आलं आहे. मीही नाव लिहीत नाही.

ती सपाट टेकडी म्हणजे टेकडी नव्हेच. तो खाणीतून निघालेल्या टाकाऊ दगड-मुरमाचा ढीग आहे. हिरव्या-निळ्या पाण्याचा खड्डा म्हणजे खदान. आणि सरळ धावणारा नाला म्हणजे माणसांनी वळवलेला नाला. डोंगरातलं पाणी दोनशे पावलं सरळ चालत नाही. तुम्हाला जे खटकलं ते बरोबर खटकलं.

आता गोट्यांबद्दल. तो मँगनीजचा धातुक आहे, म्हणजे ज्यातून मँगनीज धातू काढतात तो दगड. साधा दगड पाण्याच्या सुमारे २.७ पट जड असतो, ब्राउनाइटसारखं मँगनीज खनिज ४.७ पटीच्या आसपास. म्हणून मुठीएवढा गोटाही हाताला ओढतो. त्याच्यासोबत तपकिरी-नारिंगी बारीक दाण्यांचा कठीण खडक सापडला असेल तर त्याचं नाव गोंडाईट. सर लुईस ली फर्मोर या भूवैज्ञानिकाने ते नाव गोंड लोकांवरून दिलं. स्पेसारटीन जातीचा गार्नेट (हे एक खनिज) आणि गारगोटी मिळून तो बनतो. पुढच्या वेळी नाल्याच्या आतल्या वळणावर, जिथे वाळू साचते तिथे ओंजळभर वाळू उन्हात धरून पाहा. त्यात मधाच्या रंगाचे दाणे दिसतील. तोच गार्नेट.

या पट्ट्यातल्या मँगनीजधारी थराला शास्त्रात नावच "मनसर" असं आहे, मनसर फॉर्मेशन. मूळ समुद्राच्या तळाशी साचलेला मँगनीजयुक्त गाळ, पुढे प्रचंड दाब आणि उष्णतेखाली त्याचे हे खडक झाले. आजूबाजूचा अभ्रकी शिस्ट, म्हणजे पापुद्र्यांचा खडक, झिजून गेला, हा कठीण थर झिजला नाही, म्हणून तो डोंगराच्या कण्यासारखा वर राहिला. नाले त्याला वळसा घालून किंवा एखाद्या फटीतून उतरतात. त्यामुळे इथे धातुक शोधायला कुणाला फार खोल जावं लागलं नाही, ते माथ्यावरच उघडं होतं.

भारतात मँगनीजची खाणकामं १८९२ च्या सुमारास विशाखापट्टणमच्या बाजूला सुरू झाली. आपल्याकडे, म्हणजे तेव्हाच्या मध्य प्रांतात, १८९६ मध्ये सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट ही ब्रिटिश कंपनी उभी राहिली आणि १९०० च्या आसपास नागपूर जिल्ह्यातले डोंगर फुटू लागले. मनसर, कांद्री, बेलडोंगरी, सातक, गुमगाव ही त्यातली नावं. पोलादाला मँगनीज लागतंच. लोखंडातला गंधक ते बांधून ठेवतं, नाहीतर लालभडक पोलाद लाटताना त्याला तडे जातात. तेव्हा रशिया जगाचा मोठा पुरवठादार होता, पण १९०५ च्या उलथापालथीत तिकडचा माल अडला आणि इंग्लंड, जर्मनी, अमेरिकेचे कारखाने आपल्याकडे वळले. १९०७ मध्ये भारतातून सुमारे ९ लाख टन धातुक निघालं. त्यात मध्य प्रांताचा वाटा फार मोठा. फर्मोरने १९०९ मध्ये या सगळ्या साठ्यांवर जो ग्रंथ लिहिला त्यात आपल्या जिल्ह्यातल्या एकेका खाणीची वर्णनं आहेत. व्रेडेनबर्गाइट हे नाव फर्मोरने ज्या नमुन्यांना दिलं त्यात बेलडोंगरीचे नमुने होते, पुढे ते एक खनिज नसून दोन खनिजांचं मिश्रण ठरलं. रामटेकला जाणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल?

---

जलपारखी

काळेपणाबद्दल एक भर घालते. मी पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते.

तुमच्या नाल्यात दोन तऱ्हेचे काळे गोटे असणार. एक खरोखरच धातुकाचे, जड. दुसरे साधेच, पण वरून काळा लेप चढलेले. ते हलके असतात आणि फोडले की आत पांढरे निघतात. ढिगाऱ्यातून, खदानीच्या तळातून झिरपणाऱ्या पाण्यात प्राणवायू कमी असतो, तिथे मँगनीज विरघळतं आणि दिसत नाही. तेच पाणी उघड्यावर येऊन गोट्यांवरून खळाळलं की काही जिवाणूंच्या मदतीने मँगनीजचा काळा ऑक्साइड होऊन गोट्यांवर बसतो. वर्षानुवर्षं थरावर थर. म्हणजे काळा गोटा ही पाण्याने स्वतःच केलेली नोंद आहे. कुठून काळे गोटे सुरू होतात ती जागा नीट पाहा, खदानीचं पाणी तिथेच नाल्यात शिरतं.

घरच्या घरी ओळख पटवायची असेल तर औषधाच्या दुकानात हायड्रोजन पेरॉक्साइड मिळतं. काळ्या गोट्यावर दोन थेंब टाका, मँगनीज ऑक्साइड असेल तर भराभर फेस येतो. मात्र गोटा आधी घासून, उकळून, वाळवून घ्या. ओल्या गोट्यावरच्या शेवाळाने आणि जिवाणूंनीसुद्धा फेस येतो आणि माणूस फसतो.

आमच्याकडे कोळशाच्या खाणी पाहिलेले लोक लगेच विचारतात, पाणी आम्लधर्मी आहे का. कोळशाच्या थरात गंधकाचं पायराइट असतं, ते हवा-पाण्याला लागलं की आम्ल बनतं. मँगनीजचे हे ऑक्साइड धातुक तसं नाही, शिवाय या डोंगरांत संगमरवरी खडकही आहे, तो आम्ल मारतो. म्हणून इथे लालभडक मेलेले ओढे दिसत नाहीत, मासे-खेकडे दिसतात. पण याचा अर्थ पाणी प्यावं असा नाही. पिण्याच्या पाण्यात मँगनीज लिटरमागे ०.१ मिलिग्रॅमपर्यंत असावं आणि दुसरा स्रोतच नसेल तर ०.३ पर्यंत चालवून घ्यावं, असं भारतीय मानक सांगतं. जागतिक आरोग्य संघटनेने आता ०.०८ ही तात्पुरती मर्यादा दिली आहे, मुख्यतः बाटलीने दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळांचा विचार करून. पाणी नितळ दिसतं म्हणून बाटली भरून घेऊ नका. विरघळलेलं मँगनीज नितळच असतं.

---

रामटेक्या

मी त्याच बाजूचा. आता कन्हानले राहतो. एवढे शिकलेले लोक लिहून राहिले, मी आपलं घरचं सांगतो.

माही आजी त्या खदानीत होती. गड्यांचं काम सब्बल, घन, सुरुंग. बायांचं काम माल फोडणं, निवडणं अन् डोक्यावर घमेलं. आजी निवडणारी होती. सकाळी पोरगं झाडाले झोळीत टांगायचं अन् ढिगाऱ्यापुढं उकिडवं बसायचं. हातोडीनं दगड फोडायचा, चिकटलेला पांढरा गोटा झाडून टाकायचा, काळा माल एका बाजूले. माप भरलं की मुकादम पाहे. मालात गोटा दिसला की माप कापे. आजी म्हणे, डोये फुटले तरी चालन, पण मालात गोटा नाही गेला पाहिजे.

पावसाळ्यात मालाले माती चिकटे, मग नाल्याच्या पाण्यात टोपल्यांनी माल धुवायचा. नाला तवा शाईवानी वाहे. आजीच्या हाताच्या भेगांतला काळा रंग मरेपर्यंत गेला नाही. आम्ही पोरं तिच्या हातावरच्या रेघा मोजत होतो.

आजूबाजूचे गोंड लोक होते, आमचे लोक होते, अन् छत्तीसगडकडून आलेल्या टोळ्या होत्या, त्यांना सगळे बिलासपुरी म्हणत. त्यांची वेगळी टोली, म्हणजे वस्ती. दिवाळीच्या वक्ताले तिकडून गाणे ऐकू येत, असं आजी सांगे.

ताई, तुम्ही लिहिलं का एक वाक्य सांगता आलं नाही. सांगन कोण? ज्यायनं केलं त्यायले कोणी विचारलं नाही.

---

गोंडाईट

रामटेक्याभाऊ, तुमचं वाचून मी बराच वेळ काही लिहू शकलो नाही. मी मुलांना दगडाची नावं शिकवली. तो दगड निवडणाऱ्या हातांबद्दल एकही तास घेतला नाही.

एक गोष्ट जोडतो. १९२९ च्या नियमांनी बायकांना जमिनीखालच्या कामातून टप्प्याटप्प्याने काढलं. दुसऱ्या महायुद्धात कोळसा खाणींसाठी १९४३ मध्ये ती बंदी उठवली आणि १९४६ मध्ये परत घातली. पण आपल्या मँगनीज खाणी बहुतेक उघड्या होत्या, त्यामुळे इथे बायका शेवटपर्यंत राहिल्या. जगभर ज्या धातुकाची प्रतवारी नावाजली गेली, ती प्रतवारी या बायकांची नजर आणि हातोडी यांच्यावर उभी होती. तेव्हा भरपूर मँगनीज असलेलाच माल बाहेर पाठवणं परवडायचं, कारण बैलगाडी, रेल्वे आणि जहाज तिघांचं भाडं त्यावर चढायचं. आधी माल मुंबईहून जाई. पुढे बंगाल-नागपूर रेल्वेने रायपूरहून विजयनगरमकडे मार्ग काढला आणि १९३३ मध्ये विशाखापट्टणमचं बंदर सुरू झालं. त्या बंदराच्या उभारणीमागचं एक मोठं कारणच मध्य प्रांतातलं मँगनीज हे होतं. तुमच्या आजीने निवडलेला माल घाट ओलांडून समुद्रापर्यंत गेला.

सिंडिकेटची पुढे सेंट्रल प्रॉव्हिन्सेस मँगनीज ओअर कंपनी झाली. १९६२ मध्ये भारत सरकारशी करार होऊन मँगनीज ओअर इंडिया लिमिटेड, म्हणजे आपलं मॉईल, स्थापन झालं. तेव्हा ५१ टक्के हिस्सा केंद्र, महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश सरकारांचा, ४९ टक्के जुन्या कंपनीचा. १९७७ मध्ये तो ४९ टक्केही घेतला गेला. मुख्यालय अर्थातच नागपुरात.

---

सीताबर्डीकर

वाचून फार वाईट वाटलं. मला वाटतं आपण सगळ्यांनी मिळून काहीतरी करावं. श्रमदानाने ते काळे गोटे नाल्यातून काढून टाकता येतील, ढिगाऱ्यावर झाडं लावता येतील, नाला परत पूर्वीसारखा सुंदर करता येईल. शंभर माणसं सहज जमतील. मी स्वतः रोपं द्यायला तयार आहे.

---

निळाखंड्या

सीताबर्डीकरदादा, भावना पोहोचली, पण गोटे हलवू नका अशी हात जोडून विनंती. मी त्या बाजूला बारा वर्षं पक्षी पाहतो. खदानीच्या उभ्या कड्यात पाकोळ्यांची मातीची घरटी असतात, काठाच्या मातीत खंड्याची बिळं असतात. काळ्या गोट्यांखाली खेकडे आणि चतुराच्या अळ्या असतात, फेब्रुवारीनंतर डोह आटत गेले की धोबी आणि तुतारी हे पक्षी त्याच गोट्यांवर चरतात. शंभर माणसं नाल्यात उतरली तर एका दिवसात तिथलं सगळं विस्कटून जाईल.

आणि त्या खड्ड्यात कुणी पोहायला उतरू नये हे इथेच ठळक लिहून ठेवतो. तलावाला काठ असतो, खदानीला नसतो. दोन पावलांवर तीस-चाळीस फूट खोली लागते, कडा ओला असतो आणि बाहेर यायला पकड मिळत नाही. उन्हाळ्यात अशा खड्ड्यांनी किती पोरं नेली ते आपण दर वर्षी वाचतो.

---

जलपारखी

झाडांबद्दल. नुसती रोपं लावून त्या ढिगाऱ्यावर काही जगत नाही, म्हणूनच शंभर वर्षांनी तिथे कुसळी गवत आहे. तो ढीग म्हणजे फोडलेला दगड. त्यात सेंद्रिय काही नाही, नत्र जवळजवळ नाही, पाणी टिकत नाही आणि काळा रंग उन्हात तापतो. आपल्याच नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने सावनेर भागातल्या गुमगावच्या मँगनीज ढिगाऱ्यावर हे काम करून दाखवलं आहे. साखर कारखान्यातली मळी, म्हणजे प्रेसमड, मिसळली, नत्र धरून ठेवणारे जिवाणू आणि मुळांना पाणी-स्फुरद मिळवून देणारी बुरशी रोपांच्या मुळांशी दिली, मग त्या उजाड दगडावर झाडी उभी राहिली. वर्षानुवर्षं लक्ष घातलेलं काम आहे ते. एका रविवारचं नाही.

नाल्यासाठी खरं करण्यासारखं काम वेगळंच आहे. ढिगाऱ्यावरून पावसात बारीक गाळ नाल्यात येतो आणि खालचे डोह भरतो. ढिगाऱ्याच्या पायथ्याशी दगडी ताल, म्हणजे बांध, घातला आणि भोवती चर काढला की गाळ तिथेच अडतो. चालू खाणींना हे करावंच लागतं, भारतीय खाण ब्यूरोकडे, म्हणजे तेही आपल्या नागपुरातच, खाण बंद करण्याचा आराखडा द्यावा लागतो. हा नियम यायच्या कितीतरी आधी बंद पडलेल्या खदानींना मात्र कुणी वाली उरला नाही.

---

वैनगंगा

मूळ प्रश्न नाल्याच्या वळणाचा होता, तिकडे येते. मी जमिनीच्या जुन्या नोंदी वाचते, वकिलीमुळे सवय लागली.

पेंचकाठताई, आपला भाग मध्य प्रांतातला, म्हणून आपल्याकडे मालगुजारीच्या काळातले बंदोबस्ताचे, म्हणजे जमीन महसूल ठरवतानाचे, गावनकाशे आहेत. शिवाय वाजिब-उल-अर्ज आणि निस्तार पत्रक. गावाने कुठून सरपण आणायचं, गुरं कुठे पाजायची, नाल्याचं पाणी कुणी कुठे घ्यायचं, हे सगळं त्यात लिहिलेलं असतं. पश्चिम महाराष्ट्रातल्या लोकांना हे कागद माहीत नसतात, आपल्याकडे ते आजही कोर्टात चालतात. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात रीतसर अर्ज करून नक्कल मागा. जुन्या नकाशात नाला कसा काढलाय आणि आजच्या नकाशात कसा, एवढं शेजारी ठेवलं की उत्तर मिळेल. भारतीय सर्वेक्षण विभागाची ५५ ओ मालिकेतली टोपोशीटही, म्हणजे तपशीलवार नकाशाही, सोबत घ्या.

आणि कागद यायच्या आधी झाडं पाहून या. काठावरची झाडं नाल्यासोबत सरकत नाहीत.

---

पेंचकाठ

वैनगंगाताई, तुमच्या शेवटच्या वाक्यासाठी मी काल पुन्हा जाऊन आले.

पेरॉक्साइडचं आधी सांगते. पाच गोटे घरी आणले होते, घासले, उकळले, वाळवले. पाचही फेसाळले. त्यातले दोन हलके होते, फोडल्यावर आत पांढरे निघाले. जलपारखीताई, तुम्ही म्हणालात तसंच. काळे गोटे नेमके कुठे सुरू होतात तेही पाहिलं. भिंतीच्या वरच्या टोकाला, ढिगाऱ्याच्या पायथ्याशी एक बारीक झिरा आहे. त्याच्या वर एकही काळा गोटा नाही, त्याच्याखाली सगळे काळे. मी दहा मिनिटं तिथेच बसून राहिले.

मग झाडं. आजच्या सरळ नाल्याच्या काठी एकही मोठं झाड नाही, बेशरमाची झुडपं आणि करंजाची थोडी लहान रोपं आहेत. मी ढिगाऱ्याला वळसा घालून मागच्या बाजूला गेले. तिथे कोरडी, उथळ सखल पट्टी आहे, पळसाने भरलेली. पाणी नाही, ओल नाही. आणि त्या पट्टीच्या दोन्ही बाजूंना जुनी अर्जुनाची झाडं, आमच्या आजोळी कोहा म्हणतात ती. पांढुरकी गुळगुळीत खोडं, माझ्या दोन कवेत न मावणारी. अर्जुन पाण्याच्या काठानेच वाढतो, भंडाऱ्याकडे कोशाच्या (टसर रेशमाच्या) अळ्यांसाठी लोक ही झाडं नाल्याकाठी शोधतात, हे लहानपणापासून ऐकलेलं. इथे सात झाडं वळण घेत उभी होती. सातव्यानंतर ढिगारा सुरू होतो. पलीकडे जिथे ढिगारा संपतो तिथे आठवं आणि नववं.

नऊ झाडांमधून चालत गेले की नाला कसा वाहायचा ते पायांना कळतं. आधी डावीकडे मोठा वळसा, मग थोडं उजवीकडे, आणि मग आजच्या खड्ड्याच्या अगदी मधून. म्हणजे धातुकाचा पट्टा नाल्याच्या पात्राखालीच होता. खदान खोदायची तर पाणी बाजूला न्यायला हवं. म्हणून त्यांनी सरळ चर काढला, चुन्याची भिंत बांधली, आणि जुन्या पात्राचा काही भाग निघालेल्या दगडांनी बुजवून टाकला.

नकलेसाठी अर्ज दिला आहे.

---

गोंडाईट

शाबास. पस्तीस वर्षांत मी त्या अर्जुनांच्या सावलीत मुलांना डबे खायला बसवत आलो. झाडं नदीकाठची आहेत आणि नदी नाही, हे माझ्या कधी डोक्यात आलं नाही. मी खाली पाहत होतो, दगडांकडे.

ढिगाऱ्याबद्दल एक सावधगिरीचं सांगतो. जुन्या काळी कमी प्रतीचा म्हणून टाकून दिलेला माल आज यंत्राने धुऊन, वेगळा करून वापरता येतो. त्यामुळे असे जुने ढिगारे पुन्हा उकरले जातात. या ढिगाऱ्याचंही एक दिवस तसं होऊ शकतं. त्याआधी नऊ झाडं, झिरा, भिंत यांची मोजमापं आणि फोटो नीट घेऊन ठेवा. आणि नमुना म्हणूनसुद्धा यापुढे कुणी गोटे घरी नेऊ नयेत, खनिज आहे ते, कायद्याची भानगड होते.

---

रामटेक्या

ताई, तुम्ही झाडायचं लिहिलं ते मी आत्याले वाचून दाखवलं. आत्या ८४ वर्षाची आहे. पोरगी होती तवा माईची भाकर घेऊन खदानीवर जाये अन् तिथंच बसून बारीक माल वेचे. तिनं ऐकलं अन् म्हणाली, "कोह्याखाली तर आम्ही बसो." लगेच म्हणाली, मले घेऊन चला.

गुडघे दुखतात तिचे. गाडी कुठपर्यंत जाते?

---

पेंचकाठ

भाऊ, बकऱ्यांच्या वाटेने गाडी ढिगाऱ्याच्या मागपर्यंत जाते. पुढे शंभर पावलं. मी खुर्ची आणते.

---

पेंचकाठ

रविवारी जाऊन आलो. रामटेक्याभाऊ, त्यांच्या आत्या, आत्याबाईंची सून, जलपारखीताई आणि मी. बाकीच्यांसाठी लिहिते.

आत्याबाई गाडीतून उतरल्या आणि कुणाचा हात न धरता चौथ्या झाडापर्यंत गेल्या. खोडावर हात ठेवला. "हे आमचं," म्हणाल्या. त्यांच्या आईची टोळी याच झाडाखाली निवडायला बसायची, पुढच्या दोन झाडांखाली बिलासपुरी बायका. झोळ्या याच फांद्यांना. मी विचारलं, तेव्हा नाला कुठे होता? त्यांनी ढिगाऱ्याकडे बोट केलं. त्यांच्या लहानपणी नाला आधीच वळवलेला होता, पण पावसाळ्यात पाणी जुनी वाट धरायला पाही, झाडांखाली गुडघाभर साचे आणि दोन-दोन दिवस काम बंद राही. काम बंद म्हणजे पैसे बंद. आई पावसाला बोल लावायची, आणि आत्याबाई त्याच पाण्यात कागदाच्या होड्या सोडायच्या. कागद कुठला? "मुकादमाच्या वहीचा," असं सांगताना त्यांचा आवाज एकदम लहान मुलीसारखा झाला.

जलपारखीताईंनी झिऱ्याचं आणि वरच्या नितळ नाल्याचं पाणी वेगवेगळ्या बाटल्यांत घेतलं. भिंतीची लांबी आम्ही टेपने मोजली, १४२ मीटर. नऊही झाडांचे घेर मोजले. गावनकाशाची नक्कल अजून मिळालेली नाही, मिळाली की इथेच टाकेन.

निघताना आत्याबाईंनी खुर्चीतूनच पायाशी पडलेले दोन गोटे उचलले. दोन्ही काळे, सारख्याच आकाराचे, मला तरी फरक दिसत नव्हता. त्यांना आता फारसं दिसत नाही. त्यांनी दोन्ही हात एकदा वर-खाली केले आणि उजव्या हातातला माझ्यापुढे धरला.

"हा माल," म्हणाल्या. डाव्या हातातला त्यांनी ढिगाऱ्याकडे टाकला. "तो गोटा."

जलपारखीताईंनी तो टाकलेला उचलून फोडला. आत पांढरा होता.

---

रामटेक्या

आत्या घरी आल्यापासून बोलूनच राहिली. पोरीनं मोबाईलवर दोन तासाचं भरून ठेवलं. त्यात टोळीतल्या अकरा बायांचे नावं आहेत. सगळ्यायच्या घरच्यांना विचारतो, ते हो म्हणाले तर इथं लिहून टाकतो.